बोट दाखवून म्हणायचं

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. सांगलीतल्या एका सहकारी बँकेत माझं काम सह्या पडताळण्याचं होतं. चेक आला की त्यावरची सही आणि आमच्याकडची नमुन्याची सही शेजारी-शेजारी ठेवायची, आणि दोन्ही एकाच हाताच्या आहेत का ते बघायचं. आयुष्यभर मला पगार मिळाला तो विश्वास न ठेवण्याचा. निवृत्त झाल्यावर मी अचानक भोळीभाबडी कुठून होणार?

यजमान गेल्यावर मी सांगलीत एकटीच राहत होते. एका सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडले ते दुपारपर्यंत तशीच पडून होते. हाका मारल्या, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जाऊबाईंशी पाण्याच्या टाकीवरून अबोला होता, त्यामुळे मी ओरडतेय ती तिच्याशी भांडायलाच, असा तिचा समज झाला. शेवटी धुणंवाली आली तिने उठवलं. मोडलं काही नव्हतं, पण त्या दिवसापासून बंद दाराआड एकटं असण्याची मला भीती बसली. मी ती कुणाला सांगितली नाही, मुलाला मात्र न सांगता कळली आणि तो मला कुवेतला घेऊन आला.

आमचा फ्लॅट अबू हलीफात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. मुलगा अहमदीला एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर आहे, यंत्रांवरची मीटरं आणि वाल्व सांभाळतो. सून फिंतासमधल्या एका ऑफिसात हिशेब बघते. नात इथेच जन्मली. आपण मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमचा संवाद. घरात मी चौथी. ही चौथी जागा किती पक्की आहे, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता, कारण इथे राहायचा परवाना, ज्याला सगळे इकामा म्हणतात, तो माझा मुलाच्या नोकरीला बांधलेला. दोरी त्याच्या हातात आणि खुंटी तिसऱ्याच्याच.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या टीव्हीवर जपानी रेल्वे सुरू झाली.

म्हणजे सिनेमा नाही, बातम्या नाहीत. गाडीच्या ड्रायव्हरमागच्या काचेतून कुणीतरी कॅमेरा धरलेला, आणि समोर नुसते रूळ. गाडी एका मोठ्या स्टेशनातून निघते, पुढच्या स्टेशनात थांबते, पुन्हा निघते. मुलगा कामावरून आला की चहाचा कप घेऊन हे लावून बसायचा. जपानात मोठ्या रेल्वेखेरीज अशा कितीतरी खाजगी कंपन्या आहेत, प्रत्येकीचे रूळ वेगळे आणि गाड्यांचा रंग वेगळा, असं त्याने मला सांगितलं. धीमी गाडी बाजूला थांबवून जलद पुढे कशी काढतात, तेही त्यानेच दाखवलं. ही गाडी मरून रंगाची होती, नुकतं पॉलिश केलेल्या कपाटासारखी चकचकीत. आत गवती रंगाच्या मखमली सीटा. विजेवर चालणारी नवी गाडी, तिचा आवाज आमच्या एसीपेक्षा कमी.

ज्या देशात रेल्वेचा एक रूळ नाही तिथे बसून माझा मुलगा दुसऱ्या देशाची रेल्वे बघतो. लहानपणी त्याला मिरज जंक्शनला नेलं तर तो इंजिन सोडून भेळवाल्याकडे बघत बसायचा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मला वाटलं, म्हातारीला गुंतवून ठेवायला हे खेळणं आणलंय. पोराला खुळखुळा, तशी मला गाडी.

आणि गंमत अशी की मी गुंतलेच. त्याला कारण तो ड्रायव्हर. पांढरे हातमोजे, समोरच्या खाचेत घड्याळ ठेवलेलं. सिग्नल हिरवा असतो, मला दिसतो, त्यालाही दिसत असणार. पण तेवढ्यावर भागत नाही. तो हात लांब करून सिग्नलकडे बोट दाखवतो आणि तोंडाने मोठ्याने म्हणतो. वेगाची पाटी आली, बोट दाखवतो, म्हणतो. स्टेशन आलं, घड्याळाकडे बोट, पुन्हा म्हणतो. केबिनमध्ये एकटा माणूस, ऐकायला कुणी नाही. नातीला विचारलं तर ती म्हणाली की तो 'योशी' म्हणतो, म्हणजे ओके. डोळे फसवतात म्हणून तिकडे बोटाने दाखवायचं आणि तोंडाने म्हणायचं, असा नियमच आहे म्हणे.

मला तो माणूस फार आवडला. स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास न ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. एवढा माझ्या जातकुळीचा कुणी बँकेतही भेटला नव्हता.

मी ते घरात सुरू केलं. खाली जाताना गॅसकडे बोट दाखवून 'बंद, बरोबर'. नळाकडे, 'बंद, बरोबर'. किल्लीकडे, 'हातात, बरोबर'. नातीला हा खेळ वाटला, तीही करायला लागली. दप्तर, बाटली, आयडी कार्ड, बरोबर. मुलगा हसायचा आणि सकाळी निघताना गाडीच्या किल्लीकडे बोट दाखवून मला चिडवायचा. सून तेवढी हसायची नाही.

पण बघता-बघता माझ्यातली बँकवाली जागी झाली. यूट्यूबवर जपानच्या गाड्या शेकडो असतील. नात कधी निळी लावायची, कधी चांदीसारखी पांढरी. मुलगा आणि सून लावायचे ती मात्र एकच. तीच मरून गाडी, तीच लाइन. मोठ्या स्टेशनातून तीन गाड्या एकदम सुटतात, शेजारी-शेजारी धावत नदीचा पूल ओलांडतात, मग आपली गाडी वळते. पुढे एक छोटं स्टेशन येतं, रुळांलगत शाळेचं मैदान, त्यामागे एक क्रीम रंगाची बिल्डिंग, तिच्या तिसऱ्या मजल्यावर निळ्या चादरी वाळत घातलेल्या. तिथे गाडी आली की मुलगा व्हिडिओ थांबवायचा. दोघं त्या बिल्डिंगकडे बघायची आणि इंग्रजीत हळू काहीतरी बोलायची. नमुन्याची सही आणि चेकवरची सही. गाड्या बघणारा माणूस गाडी बघतो. बिल्डिंग कोण बघतं? ज्याला घर हवंय तो.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. मुलाच्या प्लांटवर यंत्रं तपासायला जपानी इंजिनिअर येतात. त्यातल्या एकाने मध्यंतरी आमच्या घरी मिठाईचा डबा पाठवला होता. उगाच कोण कुणाला मिठाई पाठवतं? मी एकदा भाजी निवडता-निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, जपानात थंडी फार असते का रे. तो चटकन म्हणाला, फार असते, तुझे गुडघे धरतील. मी माझ्या गुडघ्यांचं नावही काढलं नव्हतं. पाणी कुठंतरी मुरत होतं.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बसले. मुलगा मंदूबशी, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाशी, फोनवर बोलत होता. त्यात 'मदर' आणि 'इकामा' हे दोन शब्द मला नीट ऐकू आले. मी हॉलमध्ये आल्याबरोबर तो बोलत-बोलत बाल्कनीत गेला. बाहेर अशी गरम हवा की कबुतरंही एसीच्या डब्याखाली सावलीला बसलेली, आणि हा काच लावून बाल्कनीत उभा. आईचा परवाना रद्द करायचं बोलणं घरात कसं करणार, असं मी मनाशी म्हटलं.

सूनबाईचं आणखी वेगळं. ती दुपारी ऑफिसातून आली की मी झोपलेय असं समजून एकटीच ती गाडी लावायची, आवाज बंद करून. मी दाराच्या फटीतून बघितलं. बिल्डिंगपाशी ती थांबवायची आणि ओढणीने डोळे पुसायची. सासूला परत धाडायचं म्हणून रडू येत असेल, तर बाई मनाने बरी आहे, असं मला वाटलं. आणि तरीही मला तिचा राग आला. रडायचं तर माझ्यापुढे रडावं.

शेवटचा पुरावा दिला खालच्या बकाल्यातल्या माणसाने. बकाला म्हणजे किराणा दुकान. हा श्रीवर्धनकडचा, मला काकी म्हणतो आणि माझ्यासाठी कोकम बाजूला काढून ठेवतो. मी दही आणायला गेले तर तो कुरकुरत होता. "काकी, सूनबायनी मोठे खोके ठेवायला सांगितले व्हते. मी ठेवले. आता न्यायला कोन येतच नाय. दुकानात पाय ठेवायला जागा नाय बघा."

म्हणजे खोकेसुद्धा सांगून झाले होते. सून ते नेत नव्हती ती माझ्या दृष्टीस पडू नयेत म्हणून. दह्याचा डबा घेऊन मी वर आले आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गॅसकडे बघायचं विसरले.  डोळ्यांपुढे सांगलीचं ते बाथरूम, ती हिरवट फरशी, आणि वर जाऊबाईंच्या पावलांचा आवाज. इतकं वाईट वाटलं की दही तसंच हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले.

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. जेवणं झाली, नात आत तिच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मुलाने सवयीप्रमाणे टीव्ही लावला. मरून गाडी सुटली. तीन गाड्या शेजारी-शेजारी पुलावर आल्या. मी उठले आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. मुलगा म्हणाला, आई, दिसत नाही. मी म्हटलं, मला दिसतंय.

मी हात लांब केला आणि त्या ड्रायव्हरसारखं बोट दाखवलं.

"नदीचा पूल. बरोबर. शाळेचं मैदान. बरोबर. क्रीम रंगाची बिल्डिंग, तिसरा मजला, निळ्या चादरी. बरोबर." मग मी त्याच्याकडे वळले. "यात मी कुठं आहे तेवढं बोटानं दाखव."

त्याने व्हिडिओ थांबवला. सून खुर्चीवर अवघडून बसली. 

"तू नाहीस त्यात," मुलगा म्हणाला. "म्हणून आम्ही पण नाही."

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं. त्या जपानी इंजिनिअरांच्या कंपनीने त्याला बोलावलं होतं. ऑफिस त्या लाइनवर, शाळा रुळांलगत, आणि कंपनी देणार तो फ्लॅट त्या क्रीम बिल्डिंगमध्ये. इथलं कंत्राट आणखी वर्षभर ओढता येणार होतं, पुढे काय ते कुणालाच माहीत नाही. तिकडे मात्र पक्की नोकरी. पण तिकडच्या नियमात बायको आणि मुलं बसतात, आई बसत नाही. त्याने विचारून बघितलं होतं, पुन्हा-पुन्हा विचारलं होतं. शेवटी दोघांनी नाही म्हणायचं ठरवलं. खोके सांगितले ते त्याच्या आधी. मंदूबशी बोलणं चाललं होतं ते माझा इकामा वाढवून घ्यायचं. सोमवारी जपानला नकार कळवायचा होता.

मग सून दुपारी बसून बघत होती ते काय? ती घर शोधत नव्हती. नाही म्हटल्यावर उरलेलं घर बघत होती.

माझे पुरावे सगळे खरे होते. पूल, खोके, फोन, डोळे पुसणं, एकही खोटा नाही. इतकी वर्षं सह्या बघून मी चेक बरोबर ओळखला होता, फक्त तो कुणाच्या नावावर लिहिलाय ते उलटं वाचलं. दुसरी कुणी असती तर पोराला पोटाशी धरून रडली असती. मला भयंकर राग आला.

मी मुलाला विचारलं की हे ठरवताना मला विचारलं का नाही. तो म्हणाला, विचारलं असतं तर तू जा म्हणाली असतीस. मग मी सुनेला विचारलं, तुला जायचं होतं ना.   तिने मान खाली घालून नुसतं 'हो' म्हटलं. एवढ्या दिवसांत तिने माझ्यावर आवाज चढवला नव्हता, की ताट आपटलं नव्हतं. तिने एकदा तरी आपटायला हवं होतं. निदान मला कळलं असतं की माझ्यामुळे कुणाचं काय जातंय. आता हे माझ्या नावावर जमा होणार. कुणी बोलणार नाही, पण दरवेळी टीव्ही लावताना प्रत्येकाला आठवणार. असल्या उपकारावर माझा अजिबात विश्वास नाही. आज गोड लागतो आणि दहा वर्षांनी आंबतो.

तुम्ही जा, मी सांगलीला जाऊन राहते, असं मी म्हटलं, तर मुलगा बाथरूमचं बोलला. तू पडलीस तेव्हा दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही, आता कळेल कशावरून. भीती मलाही तीच होती, त्याच्यापेक्षा जास्त होती, आणि ती मी पहिल्यांदा तोंडाने म्हटली. मला एकटीला राहायची भीती वाटते, असं म्हटलं. म्हटल्यावर ती काही कमी झाली नाही. पण मग पुढचं बोलता आलं.

"ती धीमी गाडी बाजूच्या रुळावर थांबते आणि जलद पुढं जाते, हे तूच दाखवलंस ना मला?" मी म्हटलं. "धीमीसाठी कुणी जलद रद्द केलेली बघितलीस का रे कधी?"

तो म्हणाला, आई, माणसं म्हणजे गाड्या नाहीत. मी म्हटलं, असत्या तर बरं झालं असतं, वेळेवर तरी बोलल्या असत्या.

मी तिथेच सांगून टाकलं की जाऊबाईंशी मीच आधी बोलेन. टाकीचं पाणी तिला हवं तेवढं घेऊ दे. एक किल्ली तिच्याकडे राहील. रोज सकाळी फोनवर मी मुलाला गॅस, नळ आणि बाथरूमची फरशी बोट दाखवून म्हणून दाखवीन, आणि एक दिवस फोन आला नाही तर त्याने जाऊबाईंना खाली पाठवायचं. हे बोलताना माझा आवाज बँकेत असायचा तसा होता. जाऊबाईंपुढे आधी मी वाकायचं, ही गोष्ट मला जपानला जाण्यापेक्षाही लांबची वाटत होती, पण तसं मी दाखवलं नाही.

आणि मग मी चपला घातल्या. गॅसकडे बोट दाखवलं, 'बंद, बरोबर', आणि खाली बकाल्यात गेले. दुपारच्या नमाजासाठी त्याने दुकान जरा वेळ बंद केलं होतं, म्हणून पायरीवर सावलीत थांबले. परत आल्यावर तो म्हणाला, काकी, शेवटी नेताय का खोके. मी म्हटलं, नेतेय. दुमडलेले खोके त्याने लिफ्टपर्यंत आणून दिले. कोण कुठं चाललंय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळेच. त्याने कोकमाची एक पुडी वरच्या खोक्यात टाकली.

मी खोके हॉलमध्ये आणून टेकवले. सून उठली आणि माझ्या हातातला शेवटचा खोका तिने घेतला. तो घेताना तिने माझा हात दाबला आणि बराच वेळ सोडला नाही. नात बाहेर येऊन खोक्यांकडे बघत राहिली आणि तिने इंग्रजीत विचारलं की आजी पण येणार ना.  मी मुलाला म्हटलं, आत्ता लिही. सोमवारची वाट बघायची नाही, तुझा भरवसा नाही मला.

तो लॅपटॉप घेऊन बसला. बराच वेळ खाडाखोड केली. मग म्हणाला, पाठवलं. मी चष्मा लावून बघितलं, पण ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरात, आणि माझा विश्वास नुसत्या बघण्यावर कधीच नव्हता.

"असं नाही," मी म्हटलं. "बोट दाखवून म्हण."

 मग त्याने हात लांब केला. आधी बायकोकडे, मग मुलीकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

"आम्ही तिघं तिकडं," तो म्हणाला. "बरोबर."

मग बोट माझ्याकडे आलं. 

"आई सांगलीला," तो म्हणाला, आणि थांबला. शेवटचा शब्द राहिला होता. तो शब्द म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही हे त्यालाही माहीत होतं. 

मग 'बरोबर' मीच म्हटलं, आणि त्याचं बोट धरून खाली घेतलं.